तेल न पाजलेली पिशवी

डॉक्टरांनी पिशवीतली बाटली काढून माझ्या हातात दिली. ती चांगली गरम होती आणि वरून एरंडेलाने बरबटली होती. तिच्यावरची चिठ्ठी तेलात भिजून सुटून आली होती.

"मिस्त्री, हे औषध आता फेकाचं हाय," ते म्हणाले. "एक डाव तापलं का कामातून गेलं."

ही वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची गोष्ट. हे डॉक्टर जनावरांचे. अमरावतीपासून अंजनगाव सुर्जीपर्यंतची गावं त्यांच्याकडे होती. त्यांची फटफटी पहिल्या महायुद्धातून सुटून आलेली, अगदी म्हातारी. लाथा खाल्ल्याशिवाय ती सुरू होत नसे, पण एकदा पेटली की थांबायचं नाव नाही. आमचं दुकान जीनगराचं. घोड्याचं खोगीर, लगाम, टांग्याचा साज हे आमचं काम. अमरावतीत टांगे कमी होत चालले होते, म्हणून फटफटीला कातडी पिशव्यांची जोडी शिवायचं काम आलं तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

मी खोगिराला लटकवतात तशी जोडी शिवली. शिलाई दोन सुयांची, म्हणजे एकाच भोकातून दोन्हीकडून दोरा जातो; एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. शेवटी रीतीप्रमाणे दोन दिवस एरंडेल पाजलं. त्याने कातडं मऊ राहतं आणि पाणी आत शिरत नाही.

पण घोड्याचं अंग तापून तापून किती तापणार? फटफटीच्या उजव्या बाजूला धुराची नळी होती आणि नेमकी तिच्यावर माझी पिशवी. तेल पाझरलं, कातडं भाजलं, बाटल्या शेकल्या.

"पिशवीत औषध ठेवसान हे तुमी सांगतलं नव्हतं," मी म्हणालो.

"तुमी पुसलं नव्हतं."

मी बाटली खाली ठेवली आणि तेव्हा कुठे विचारलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. अंजनगावकडे बुळकांडी आली होती. हा ढोरांचा रोग. जनावराला हगवण लागते आणि आठवड्यात गोठा रिकामा होतो. टोचायचं औषध बर्फात घालून रेल्वेने अमरावतीपर्यंत येई, पण पुढच्या रस्त्याला बर्फ टिकत नसे. दुसरी पेटी गुरुवारी येणार होती. ती शेवटची. महिन्याभरात पेरणी, आणि बैलच गेले तर तिफणीला जुंपायचं काय? माझ्या हौसेपायी एक पेटी वाया गेली होती.

मडक्यात बाटल्या ठेवाव्यात तर त्या रस्त्यावर मडकं टिकलं नसतं. विचार करता करता दुकानातल्या छागलीकडे लक्ष गेलं. छागल म्हणजे प्रवासात पाणी न्यायची कातडी पिशवी. तिला आम्ही तेल पाजत नाही. पाणी झिरपतं, वारा लागतो आणि आतलं गार होतं. फटफटीला वाऱ्याची काय कमी!

मी छागलीचं बकऱ्याचं कातडं काढलं तसे माझे वडील उठून आले. दुकान त्यांचं, नावही त्यांचं.

"तेल काहून नाई पाजून राहिला?"

"पिशवी गार ठेवाची हाय, बा. छागलीसारखी."

"छागल पाण्याची रायते. हा साज हाय. बिनतेलाचा साज आपल्या दुकानातून कदी गेला नाई. दोन मैन्यात तडकन तो. लोक मले नावं ठेवतीन."

"तडकू द्या. मले तो एका दिवसापुरता पाह्यजे."

बांनी तेलाचं भांडं माझ्यापुढे आणून ठेवलं आणि ते आपल्या जागी जाऊन बसले.

नवी पिशवी मी डावीकडे बांधली, नळीपासून लांब. खोगिराखाली घोड्याची पाठ सोलू नये म्हणून जाड लोकरीचा नमदा घालतात. तोच कापून आत प्रत्येक बाटलीला कप्पा केला आणि सगळा पाण्यात भिजवला. उजवीकडे पाने-हातोडी ठेवली आणि नळी व पिशवीच्या मध्ये लोहाराकडचा पत्रा लावला.

गुरुवारी पेटी आली आणि आम्ही निघालो. मी मागे कॅरियरवर. फटफटीवर मी पहिल्यांदाच बसत होतो. भीती वाटली हे कशाला लपवू? प्रत्येक गावाच्या विहिरीवर उतरायचं, पिशवीवर पाणी ओतायचं आणि पुन्हा डॉक्टरांची कंबर धरायची. ऊन असं की तोंड भाजत होतं. पिशवी मात्र सारखी ओलीगच्च होती.

अंजनगावला एका भाजी पिकवणाऱ्या कास्तकाराच्या गोठ्यासमोर लोक जमले होते.

"डॉक्टरसाहेब, मागच्या टायमाले बी तुमी असेच आलते," कास्तकार म्हणाला. "टोचल्यावाचून वापस गेलते."

डॉक्टरांनी पिशवीचा पट्टा सोडला. त्यांनी बाटली काढली आणि सरळ त्याच्या हातात ठेवली. त्याने ती गालाला लावून पाहिली.

"थंडी हाय, बाप्पा."

मला तिथेच नाचावंसं वाटलं. एकही बाटली फुटली नव्हती, एकही तापली नव्हती. अंधार पडेपर्यंत डॉक्टर टोचत होते आणि मी बैलांची शिंगं धरत होतो. खोगीर शिवणाऱ्या माणसाने असं काम कधी केलं नसेल. त्या दिवशी टोचलेल्यांपैकी एकही बैल दगावला नाही. नंतर डॉक्टरांनी दुकानात येऊन बांसमोर तसं सांगितलं. बा फक्त "बरं झालं" म्हणाले, पण त्या दिवशी गिऱ्हाइकांना ते फटफटीची गोष्ट सांगत बसले होते. ती सांगताना "आमी ठरवलं" असं म्हणत होते.

टिकाऊ वस्तू करावी असं आमच्या धंद्यात पहिल्या दिवसापासून शिकवतात. ते खरंच आहे. पण टिकवायचं काय हे दर वेळी नव्याने पाहावं लागतं. ती पिशवी बांनी सांगितल्याप्रमाणे दोन महिन्यांत तडकली. तोवर अंजनगावच्या बैलांनी पेरणी उरकली होती.