न दिलेली सही

शैलजा मॅडमची आणि माझी पहिली भेट शहाद्याच्या आमच्या महाविद्यालयात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झाली. मी नवा अधिव्याख्याता. मॅडम कोरफडीच्या पानातला पिवळा चीक निथळू देत होत्या. म्हणाल्या, "हा पोटात गेला तर जुलाब होतात. सूज उतरवणारे गुण शोधायचे ते आतल्या गरात. आणि सापडतील तेवढेच सांगायचे."

तेवढेच सांगितल्याबद्दल त्यांना काय भोगावे लागले, ते त्यांच्या साठीनिमित्तच्या या गौरवग्रंथात कुणीतरी लिहायलाच हवे.

प्रयोगशाळेचे परिचर हिरामणदादा रनाळ्याचे. एकदा ते एक बाटली घेऊन आले. "मॅडम, मन्ही बायकोना गुडघा सुजेल शे. डॉक्टरन्या गोया सोडी दिन्यात, आते हाऊ रसच पी ऱ्हायनी." बाटलीवर छापले होते : शुद्ध कोरफड, संधिवात मुळापासून बरा. मॅडम त्याच दुपारी रनाळ्याला गेल्या, वहिनींना गोळ्या पुन्हा सुरू करायला लावल्या आणि मगच बाटली तपासायला घेतली.

ताज्या गरात अल्कोहोल ओतले की त्यातली बहुशर्करा पांढऱ्या धाग्यांसारखी वेगळी होते. सूज कमी करणाऱ्या घटकांत अभ्यासक तिला मोजतात. बाटलीतल्या रसात एकही धागा उमटला नाही; म्हणजे ते जवळजवळ नुसते पाणीच होते.

तो रस विकणारा व्यापारी संस्थेच्या अध्यक्षांचा स्नेही होता. त्याला महाविद्यालयाचे प्रमाणपत्र हवे होते. अध्यक्ष स्वतः आले. मॅडमनी ताज्या गराची आणि बाटलीतल्या रसाची अशा दोन्ही परीक्षानळ्या त्यांच्यापुढे धरल्या.

"मॅडम, साध्या पाण्याने कोण मरतंय? सही करा."

"पाण्याने नाही मरत साहेब. पण त्या भरवशावर गोळ्या सोडल्या की सांधे कायमचे जातात. सही होणार नाही."

आठवड्याभरात त्यांचे विभागप्रमुखपद गेले, प्रयोगशाळेची किल्लीही गेली. आम्हा सहकाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडले नाही. त्यांत मीही होतो. अध्यक्षांचा राग येतोच. त्याहून जास्त स्वतःचा येतो.

मॅडमनी आठवडे बाजारात टेबल मांडले. त्या प्रयोग करून दाखवत, हिरामणदादा अहिराणीत समजावत. व्यापाऱ्याचा माणूस दमदाटीला आला, तेव्हा काठी टेकत वहिनी पुढे झाल्या : "तुन्ही बाटलीमातून एक दोरा काढी दखाड!" बाजार हसला. पुढच्या बाजारापर्यंत त्या बाटल्या दुकानांतून गायब झाल्या होत्या.

निवृत्तीच्या दिवशी संस्थेने मॅडमना शाल पांघरवली, 'संस्थेचे भूषण' म्हटले. किल्ली का काढून घेतली, यावर मात्र चकार शब्द नाही!

मॅडम, आज आपण साठी पूर्ण करीत आहात. आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपण शंभरी पाहा. आणि पुन्हा कधी आपल्याला 'नाही' म्हणावे लागले, तर आम्ही माना खाली न घालता आपल्या शेजारी उभे राहू, एवढी लाज आमच्यात शिल्लक असो.