लादीखालचा दत्ताराम

दत्ताराम गवंडी गेल्याचा फोन तीन आठवड्यांपूर्वी आला. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याच्या गावी जाऊन येऊ."

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं बाबांची डावी बाजू अधू झाली. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस. दुसऱ्याकडून दाढी करून घेताना भिंतीकडे बघत बसायचा. आरशासमोर आपलं आपण उभं राहता यावं, एवढीच त्यांची इच्छा. टेकायला न्हाणीघरात बेसिनचा जुना जांभ्याचा ओटा होता, पण तो कडेला खचलेला आणि कायम ओला. मी दत्तारामला लाद्या बसवायला बोलावलं. उमेदीची वर्षं मुंबईत हेच काम करून तो रत्नागिरीला परतला होता.

हातोडीच्या दांड्यानं ओटा ठोकत त्यानं कान लावला. "ताई, पोकळ हाय."

"वरून लादी येणारच ना?"

"लादी काय चादर हाय, टाकली नि झालं?"

संध्याकाळपर्यंत जुना गिलावा उतरवून त्यानं नवा थर धरावा म्हणून उघड्या दगडाला टोचे मारले, दगड भिजवला आणि दुसऱ्या दिवशी बाबांना हाक मारली. "गुरुजी, कोपर टेका बघू."

"मापं घेतोस? शिंपी आहेस का रे?"

"शिंप्याचं बरं असतं. चुकला तर उसवतो."

बाबा कित्येक दिवसांनी हसले. टेकताना त्यांचा खांदा झुकतो, हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. त्यानं ओटा दोन बोटं उंच केला. नवा थर सुकल्यावर तांब्यानं पाणी ओतून ते कुठे वळतं ते बघत बसायचा. एखादा ओघळ कडेकडे आला, की तेवढी जागा खरवडून पुन्हा भरायची. "गुरुजींच्या पायाशी पाणी येता नये." एका दुपारी मी चहा घेऊन गेले, तर हा डावा पाय उचलून, डावं कोपर ओट्यावर रोवून, रिकाम्या उजव्या हातानं गालावर दाढी करत होता... मी पाऊल न वाजवता मागे फिरले. आयुष्य ग्रंथालयात गेलं माझं, पण इतकं बारीक वाचन मी कुणाचं पाहिलं नव्हतं. लाद्या बसवायला त्याला जेमतेम अर्धा दिवस लागला.

पहिल्या सकाळी दाढीला जाताना बाबांनी आतून कडी लावली. मी दाराकडे धावले.

"लावू द्या," दत्ताराम म्हणाला.

"पडले तर?"

"नाय पडत."

आजही सकाळी कडी लागल्याचा आवाज येतो. मी चहाचं आधण ठेवते.