टांगुटच्या पापणीचा तुटका केस

असमारे हातमागावर बसला की गावात म्हणत, याच्या हातून सूत तुटायचं नाही. त्याच असमारेनं टांगुटच्या पापणीचा केस तोडला. मुळासकट उपटला असता तर काही बिघडलं नसतं. अर्ध्यावर तोडला.

म्हातारी त्याच्या मांडीवर डोकं टेकून दारातल्या उन्हात पडली होती. चिमटा पापणीला लागला तशी म्हणाली, "एवढा भिऊ नकोस रे. बायकोसमोर उभा राहतोस तसा थरथरतोयस." असमारेला हसू फुटलं आणि हात हलला.

"तुटला?"

"थोडासा, एतेते."

"केस थोडासा तुटत नसतो, गाढवा."

एतेते म्हणजे थोरली ताई. सगळं गाव तिला तेच म्हणे, देवळातले पांढऱ्या दाढीचे धर्मगुरू अब्बासुद्धा. गोज्जामच्या त्या डोंगराळ मुलखात पोरांचे डोळे येतात, जातात, पुन्हा येतात. मग ऐन कर्त्या वयात पापणी आतून आखडते, आत वळते, आणि दर उघडझापीला केस बुबुळावर खराट्यासारखे फिरतात. नवरा गेल्यापासून टांगुट गावाचे हे केस उपटत आली होती. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात क्रूस आणि क्रूसाशेजारी चिमटा. संतांच्या सणाला नांगर धरायचा नसतो, म्हणून त्या दिवशी तिच्या दारात डोक्यांची रांग लागे.

अब्बांनी एकदा हरकत घेतली होती, की उपटणं म्हणजे निंदणीच, सणाला चालायची नाही. टांगुट म्हणाली, "बरं. मग तुमच्या डोळ्यातलं तण वाढू द्या." पुढच्या सणाला अब्बा पागोटं काढून रांगेत.

कामात असली की ती बोलत राही. "डोळ्याला देवानं हाडाची खोबण दिली, दगड बसला तरी फुटायची नाही. मागं चरबीची गादी दिली. आणि पुढं झाकण मात्र नुसत्या कातड्याचं! चोर झाकणातच शिरला."

तिचा स्वतःचा डावा डोळा केव्हाच पांढरा पडला होता. उजवा होता, त्याच्यावरच सगळा कारभार. पण त्याच डोळ्याच्या पापणीतले केस काढायला आता नजर पुरेना, म्हणून तिनं सूत जपणारा विणकर निवडला होता. दवाखान्यात पापणी चिरून बाहेर वळवून देत, फुकटात देत. ती कितीकांना तिकडं पिटाळी. स्वतः मात्र म्हणे, "मी गेले तर तुमची रांग कुठं लागेल?" खरं कारण असमारेला ठाऊक होतं. बाई चाकूला भीत होती.

लांब केस निदान वाकतो. खुंट वाकत नाही, काट्यासारखा टोचतो, आणि चिमट्यात सापडत नाही. असमारेनं पुन्हापुन्हा प्रयत्न केला. शेवटी टांगुटनं त्याचा हात झटकला. डोळा लाल झाला, मग पू धरला. चुलीचा धूर सोसेना म्हणून तिनं चूल पेटवणं सोडलं. असमारेच्या बायकोनं दिलेली इंजेराची, आंबवलेल्या पिठाच्या मऊ भाकरीची, गुंडाळीही तशीच वाळली.

"दवाखान्यात चल," असमारे म्हणाला.

"आधी पवित्र पाणी. मग बघू."

"एतेते, खुंट पाण्यानं विरघळतो का?"

"तुझ्या हातानं तरी निघाला का?"

ती देवळाखालच्या झऱ्यावर जाऊन राहिली. रोज पहाटे तोंडावर गार पाण्याचे सपकारे घेई. परतली तेव्हा बुबुळावर पांढरा ठिपका होता. आता मात्र असमारेनं विचारलं नाही. खेचर आणलं, तिला वर बसवलं आणि लगाम धरून चालू लागला.

दवाखान्यातल्या झिनाश नर्सनं पापणी उलटवून बॅटरी मारली.

"पापणी मी सरळ करते," ती म्हणाली, "पुन्हा टोचणार नाही. पण बुबुळावरची काच किडली आहे. तिथं माझा हात पोचत नाही."

"थोडं आधी आलो असतो तर?" असमारेनं विचारलं.

झिनाशनं सुई भरायला घेतली.

पापणीत सुई शिरली तेव्हा टांगुटनं असमारेचा अंगठा पकडला, तो टाके पडेपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. ती दाराकडं तोंड करून बसली.

"उजेड आहे," ती म्हणाली. "तू कुठंयस?"

"तुझ्यासमोर."

"हल."

तो हलला. दोन्ही हात हलवले. ती उजेडाकडंच बघत राहिली.

परतीच्या वाटेवर असमारे खेचराचा लगाम धरून चालत होता. टांगुटनं गळ्यातला चिमटा सोडवला आणि चाचपत असमारेच्या हातात ठेवला. त्याला काहीतरी बोलणं भाग होतं. गावात पाण्याची घागर बायकाच पाठीवर वाहतात. पुरुष घागर घेऊन दिसला की पोरं मागं लागतात.

"एतेते, उद्यापासून माझी बायको तुझं पाणी भरेल."

"बायकोला कशाला? तुझे हात झडलेत?"