कुणावाचून न अडणारी वखार

जगातलं कुठलंही काम चाललं आहे त्याहून चांगल्या रीतीने चालवता येतं, आणि ती रीत परमेश्वराने आपल्या एकट्याच्याच कानात सांगितली आहे, अशी पुरती खात्री बाळगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणत असू. कल्याणला बंदराजवळ एका शेटजींची भाताची वखार होती, तिचे ते कारभारी. मुरबाडकडून, टिटवाळ्याकडून, शहाडच्या पलीकडच्या गावांतून बैलगाड्या भात घेऊन येत, वखारीत त्याचं माप होई, मग ते सडून, म्हणजे कांडून तूस काढून, तांदूळ मुंबईला रवाना होई. शेटजींच्या वडिलांच्या वेळेपासून हे असंच चाललेलं होतं, आणि बरं चाललेलं होतं. काकांना नेमकं तेच खुपायचं. "बरं चाललंय म्हणजे का चाललंय हे कुणालाच ठाऊक नाही," असं ते म्हणत. ते असं म्हणाले की वखारीतली माणसं आपापली अवजारं लपवून ठेवत, कारण त्यानंतर दोन-चार दिवसांत काही ना काही सुधारत असे.

हे सगळं त्यांच्या डोक्यात भरवलं आगगाडीने. लोक संध्याकाळी देवळात जात, काका स्टेशनात जात. तिथे हात जोडून उभे राहायचे तेवढे बाकी ठेवत. "एक माणूस हिरवं फडकं हलवतो आणि अख्खी गाडी हलते! कुणी ओरडत नाही, कुणी कुणाच्या आईबापांचा उद्धार करत नाही. आणि आपल्याकडे एक पोतं हलवायला चार माणसं आणि चाळीस शिव्या लागतात." लवकरच वखारीच्या दारात एक हिरवं आणि एक तांबडं फडकं आलं, आणि काकांच्या गळ्यात शिटी आली. हमालांना कोणत्या फडक्याला काय करायचं हे त्यांनी आठवडाभर पढवलं. गाडीवाल्यांना पढवलं. बैलांना मात्र कुणी विश्वासात घेतलं नव्हतं. पहिल्या दिवशी काकांनी छाती भरून शिटी फुंकली आणि मुरबाडची एक जोडी भातासकट खाडीच्या चिखलात उतरली. पोती बाहेर काढेपर्यंत अर्धं कल्याण बंदरावर जमलं होतं. काका चिखलाकडे बघत शांतपणे म्हणाले, "शिटी बरोबर होती. गाडी चुकली."

दर एकादशीला दुपारी वखारीत सभा भरे. एकादशी अशासाठी, की उपासाने डोकं हलकं होतं आणि माणूस दूरचा विचार करू शकतो असं काकांचं मत होतं. उपाशी माणूस फक्त द्वादशीपर्यंतचा विचार करतो हे त्यांना कुणी सांगायला धजलं नाही. मुनीम, हमाल, गाडीवाले, मापारी असे सगळे पोत्यांवर बसत आणि काका मधे उभे राहून प्रश्न टाकत. एकदा त्यांनी विचारलं, "आणखी दहा वर्षांनी आपली वखार कुठे असेल?" मुनिमांनी वही चाळली, हमालांनी छताकडे पाहिलं. शेवटी धर्मा मापारी म्हणाला, "हितंच असंल की. तिला कोन उचलून नेतंय?" काकांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "हे उत्तर वाटतं तितकं चुकीचं नाही." मग ते किती चुकीचं आहे हे ते दिवेलागणीपर्यंत सांगत होते. मुंबईत रंगूनचा तांदूळ येतो आहे, उद्या तो स्वस्त पडेल, मग आपण जाड तांदूळ विकून कसं भागेल, बारीक आणि जुना तांदूळच धरून बसायला हवं, असं त्या दिवशी ते बोलले. खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं आणि शेटजींनी पुढे ते ऐकलंही. पण उपाशी पोटी पोत्यावर बसलेल्या माणसाला रंगून फार लांब वाटतं.

काकांचं खरं वेड मात्र निराळंच होतं. कुणावाचून काही अडता कामा नये, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. "एका माणसाला ताप आला की जिथे काम थांबतं, ती पेढी नव्हे. ते गारुड्याचं बिऱ्हाड. गारुडी आजारी पडला की साप उपाशी." म्हणून वखारीतल्या प्रत्येकाने आपलं काम दुसऱ्याला शिकवायचं असा हुकूम निघाला. मुनीम दाभण-सुतळी घेऊन पोती शिवायला शिकले आणि पहिल्याच पोत्याला त्यांनी स्वतःचं धोतर इतकं मजबूत शिवलं की ते आणि पोतं एकत्रच उठले. हमाल मापं घेऊ लागले. एका हमालाने तर मुंबईच्या व्यापाऱ्याशी भावाची बोलणी अशी गोडीने केली की पुढच्या खेपेला तो व्यापारी मुनिमांकडे ढुंकूनही न बघता त्याचीच चौकशी करत आला.

अडलं ते धर्मापाशी. धर्मा भाताचा दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती आणि तांदूळ किती उतरेल ते सांगत असे. ही विद्या त्याला बापाकडून मिळालेली, आणि ती घराबाहेर जाऊ द्यायची नाही हेही बापाकडूनच मिळालेलं. काकांनी ती सगळ्यांना शिकव म्हटल्यावर तो म्हणाला, "सगल्यांना आलं तर माझं काय?"

"मग तू निवांत!" काका उत्साहाने म्हणाले.

निवांतपणाची धमकी धर्माला तोवर कुणी दिली नव्हती. तो उठून घरी गेला आणि दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी काका त्याच्या दारात गेले. कारभाऱ्याने मापाऱ्याच्या दारात जायचं हेच त्या काळी गावभर बोलायला पुरेसं होतं, पण काका त्याच्या अंगणात मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आधी मला शिकव. मला आलं नाही तर बाकीच्यांना येणारच नाही, तू सुटलास." पंधरवडाभर ते धर्मासमोर बसून दाणे चावत होते. धर्मा "चुकलं" म्हणाला की खाली मान घालून दुसरा दाणा घेत. यात त्यांची एक दाढ गेली. शेवटी काका एकदा बरोबर बोलले, तेव्हा धर्मालाच इतका आनंद झाला की त्याने बाकीच्यांनाही शिकवून टाकलं. आम्ही घरात त्या दाढेवरून काकांची पुष्कळ थट्टा केली. काका म्हणत, "एका दाढेत एवढी विद्या कुणाला मिळते?"

या सिद्धान्तातून माझी मावशीही सुटली नाही. घर हीसुद्धा एक पेढीच, असं ठरवून त्यांनी दर शनिवारी स्वतः स्वयंपाक करायचा आणि मावशीने ओटीवर बसून आल्यागेल्याशी व्यवहाराचं बोलायचं असं ठरवलं. मावशीचं काम पहिल्याच शनिवारी चोख झालं. दारावर आलेल्या लाकडाच्या व्यापाऱ्याला तिने असं पेचात धरलं की तो जाताना तिच्या पाया पडून गेला. काकांची आमटी मात्र महिनोन् महिने आमटी होण्याच्या वाटेवरच राहिली. एका शनिवारी मी जेवायला होतो. काकांनी विचारलं, "कशी झालीय?" मावशी म्हणाली, "अहो, तुमच्यावाचून काही अडायचं नाही हे मला आजच पटलं."

असं सगळं चाललेलं असताना एका वर्षी दिवाळीनंतर, ऐन भाताच्या हंगामात, काकांना हिवतापाने धरलं. ताप उतरेना. वैद्यांनी हवापालट सांगितला, म्हणून मी त्यांना आणि मावशीला ठाण्याला माझ्या घरी आणलं. मी तेव्हा तिथे कचेरीत कारकून होतो आणि तळ्याजवळ राहत होतो. कल्याणच्या खाडीची हवा आणि ठाण्याच्या खाडीची हवा यांत काय फरक आहे ते वैद्यच जाणोत, पण ताप हळूहळू उतरला. काकांना मात्र चैन नव्हतं. अंगावर घोंगडी घेऊन ते सकाळपासून ओटीवर बसत आणि रस्त्याकडे बघत. "आज वखारीतून कुणीतरी येईल. मुरबाडच्या गाड्या आल्या असतील, गोंधळ उडाला असेल." कुणी येत नसे. दुसऱ्या दिवशी म्हणत, "काल यायला सवड झाली नसेल. गोंधळच तेवढा असणार." असे कित्येक दिवस गेले आणि त्यांच्या मनातला वखारीतला गोंधळ रोज वाढत गेला.

शेवटी एकदाचा धर्मा आला. खांद्यावर नव्या तांदळाची पिशवी होती. काका घोंगडी टाकून उठूनच उभे राहिले.

"बोल धर्मा! काय झालं?"

"काय नाय जालं. बरं हाय सगलं. तुमची तब्येत कशी?"

"तब्येत मरू दे. मुरबाडच्या गाड्या?"

"आल्या नि खाली होऊन गेल्याबी."

"माप कुणी घेतलं?"

"धा जनांनी घेतलं. आता सगल्यांनाच येतं."

"आणि तो मुंबईचा व्यापारी? भावावरून भांडला असेल."

"कशाला भांडंल? हसत गेला."

काका पुन्हा खाली बसले. मग अगदी हळू आवाजात, जणू काही मागतच असल्यासारखं त्यांनी विचारलं, "काहीच अडलं नाही?"

धर्माला ही शाबासकीची वेळ आहे असं वाटलं. तो छाती पुढे काढून म्हणाला, "तिलभर नाय! तुमची आठवनसुदिक आली नाय, येवढं झकास चाललंय!"

काकांनी "शाब्बास" म्हटलं. ते म्हणताना त्यांचा चेहरा मी पाहिला आणि त्यानंतर मला त्यांच्या सिद्धान्तावर विनोद करावासा वाटला नाही. निदान तो दिवस तरी.

आठवडाभराने स्वतः शेटजी आले. बरोबर शाल आणि नारळ होता, त्यावरूनच मावशी समजली आणि आत निघून गेली. शेटजी भला माणूस. त्यांनी तब्येतीचं विचारलं, हवेचं विचारलं, तळ्याचं कौतुक केलं, आणि बोलायला दुसरं काहीच उरलं नाही तेव्हा म्हणाले, "कारभारी, तुम्ही माणसं अशी तयार केलीत की आता त्यांच्यावर कुणी नसलं तरी चालतं. तुम्हीच म्हणायचात. आता तुम्ही विश्रांती घ्यावी, असं मनात आहे."

मी काकांकडे बघत होतो. ते भांडतील, निदान रंगूनच्या तांदळाची आठवण तरी करून देतील, असं मला वाटलं. आयुष्यभर ज्यांनी कुठल्याही सभेत कुणाचंही बोलणं पुरं होऊ दिलं नाही, ते शेवटपर्यंत ऐकून घेत होते. मग म्हणाले, "शेटजी, तुमच्या जागी मी असतो तर हे दोन वर्षं आधीच केलं असतं." शेटजींचा जीव भांड्यात पडला. ते गेल्यावर काका ती शाल घडी करत बसले. घडी मोडत, पुन्हा करत.

मावशी बाहेर आली ती तापलेलीच. "एक तरी गोष्ट स्वतःपाशी ठेवायची होती तुम्ही! सगळं देऊन बसलात."

"ठेवली असती आणि मी आजारी पडलो असतो, तर?"

"पडलातच की!"

"मग? वखार थांबली का?" काका म्हणाले. त्या दोघांचं भांडण नेहमी इथवर यायचं आणि काका जिंकायचे. त्या दिवशीही तेच जिंकले. मावशी रडायला लागली आणि काकांनी ती शाल तिच्या खांद्यावर टाकली.

काकांना बरं वाटल्यावर मी त्या दोघांना कल्याणला पोहोचवायला गेलो आणि दोन-चार दिवस राहिलो. काका बंदराच्या रस्त्याने जाणं टाळत. बाजारात जायचं तर लांबून, वळसा घालून जात. घरी मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. त्यांनी लोणच्याच्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. मग वयाप्रमाणे लावल्या. मग मावशीने त्यांना स्वयंपाकघराची बंदी केली. ओटीवर चटई टाकून ते बसत. रस्त्याने वखारीच्या गाड्या जात, गाडीवाले मान लववत, आणि काका उगाच हातातली सुपारी निरखत.

मी निघणार त्या दिवशी दुपारी धर्मा आला. पायरीवर डोकीचं मुंडासं काढून बसला.

काका सावरून बसले. "काय अडलं?"

"काय नाय अडलं."

"मापात काही?"

"नाय."

"शेटजींनी पाठवलं?"

"त्यांना ठावंबी नाय."

"मग आलास कशाला, धर्मा?"

"बसाला आलो."

काकांना हे उत्तर काही केल्या समजेना. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे विचारायचं काहीच नाही?"

"नाय. तुमी ठान्याला होतात तवा वखार सुटल्यावर इकडनं जायचो. ओटी रिकामी दिसायची. बरं नाय वाटायचं."

धर्माने मुंडाशाने मान पुसली आणि तो रस्त्याकडे बघू लागला. काकांनी हातातली सुपारी खाली ठेवली. मग त्यांनी चटईचा अर्धा भाग मोकळा केला आणि म्हणाले, "पायरीवर ऊन येतं. वर ये."

धर्मा जरा घुटमळला, मग वर येऊन बसला. समोरून एक गाडी गेली, तिची पोती एका बाजूला भलतीच कललेली. काकांनी तोंड उघडलं, धर्माकडे पाहिलं, आणि मिटलं. मावशी गूळपाणी घेऊन दारात आली ती तशीच थांबली. एवढा वेळ काही न सुधारता बसलेले काका तिने संसारात कधी पाहिले नव्हते.