रामटेकेच्या ताकतीच्या गोळ्या

“बनियन काढा.”

“राहू द्या न साहेब. वरूनच पाहा.”

भर मे महिना, प्लांटच्या हॉस्पिटलातली माझी ओपीडी. रामटेके प्लांटच्या साइटवर रिगर होता, म्हणजे क्रेनला जड लोखंड बांधणारा. शिवाय हौशी पहिलवान. त्या उन्हात त्यानं दोन बनियन घातले होते. दोन्ही उतरवल्यावर कारण दिसलं. छाती बाईसारखी वाढली होती.

“पुढच्या हप्त्यात पावर हाउसच्या आखाड्यात कुस्ती हाय. लंगोट बांधून असा उतरू काय? दूध तर नाही येणार न जी?”

पुरुषाची छाती नुसत्या चरबीनं वाढली तर मऊ लागते. ग्रंथी वाढली तर बोंडामागे रबरी बटणासारखी चकती लागते. मी दाबलं. पहिलवान किंचाळला. चकतीच होती, दोन्हीकडे. कॅन्सरची गाठ बहुधा एकाच बाजूला, कडक असते. तशी नव्हती. लिव्हर, वृषणं ठीक.

“औषध कोणतं चालू आहे?”

“औषध? मले? कावून घेऊ?”

आमचे सर्जनसाहेब उतावळे. “सोमवारी टेबलवर घ्या.”

“सर, कारण कळलं नाही अजून.”

“आधी कापू, मग शोधू.”

रामटेके ॲडमिट झाला. संध्याकाळी बायको डबा घेऊन आली. कडेवर अडीच वर्षांचं पोर, पदराला झोंबत होतं. मला बघून ती हळूच म्हणाली, “साहेब, डाक्टरीणबाईंच्या ओपीडीतल्या गोळ्यांनी काई फरक नाही. पोरगं दूध सोडूनच नाही राहिलं.”

दूध आटवायच्या गोळ्या. त्या काळी सर्रास देत. आत असतं स्त्रियांचं हॉर्मोन.

“रोज घेता?”

“कुठून घेऊ? शिशी आणली का दोन दिवसांत अर्धी. दूध तोडलं तर सासू बोंबलेल म्हणून घरात ताकतीच्या गोळ्या सांगतलं, तर...”

ती थांबली. कॉटवर रामटेके सावकाश चादर तोंडावर ओढत होता.

“तुमी खाल्ल्या?”

“ताकतीच्या होत्या न!” चादरीतून आवाज आला. “कुस्ती होती मले!”

वॉर्डबॉय हसत बाहेर पळाला. सर्जनसाहेबांचं टेबल रिकामं राहिलं, आणि ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

उपचार एकच: गोळ्या बंद. वाढ नवी असेल तर कारण गेल्यावर आपोआप ओसरते. जुनी होऊन घट्ट बसली, तरच चाकू. काही महिन्यांत रामटेकेची छाती पूर्ववत झाली. ती कुस्ती मात्र हुकली. खांदा लचकला असं त्यानं उस्तादाला सांगितलं. पोराचं दूध शेवटी सासूनंच कडुलिंब लावून सोडवलं.

तेव्हापासून मी पुरुष पेशंटला आधी बायकोची औषधं विचारतो, मग त्याची.