माझ्या फ्रिजवर गाडीचं पॉलिश

देव प्रत्येकाच्या हाताला एखादं काम देतो. माझ्या धाकट्या दिरांच्या हाताला त्याने ते जरा जास्तच घट्ट चिकटवलं आहे. भावजी लाकडी सामानाला पॉलिश करतात. बोटांची टोकं कायमची तपकिरी. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी टेबल वाकून बघतात आणि मग ताटाकडे वळतात. जाऊबाई म्हणतात, "लग्नाआधी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्यापेक्षा खुर्चीकडेच जास्त बघत होते. पसंत कोण पडलं, मी की खुर्ची, ते अजून सांगत नाहीत."

त्यांच्या लेकीने परवा गाडी घेतली. पोर घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेते. बसची वाट बघण्यातच तिचा अर्धा जीव जायचा. गाडी गडद निळी, तोंड दिसेल इतकी लखलखीत. भावजींनी हात मागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "रंग झकास आहे. आता टिकवायला हवा. पॉलिश मी करतो."

"नको बाबा," पुतणी म्हणाली. "दुकानात रविवारची वेळ घेतलीय. ते लोक करून देतील."

त्या रात्री मी त्यांच्याकडेच जेवायला होते. भाजी अळणी झाली होती तरी भावजी मुकाट्याने जेवले, तेव्हाच मी ओळखलं की माणसाला लागलं आहे. दुसऱ्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले.

"वहिनी, गाडी तिने स्वतःच्या हिमतीवर घेतली. माझ्या हातात एवढं एकच काम होतं. तेही परक्याने करायचं?"

मी पुतणीला फोन लावला. तिचीही बाजू होतीच. "काकू, बाबा आधी घासतात आणि मग चमकवतात. लाकडाला ते चालतं. माझ्या गाडीचा रंग घासून काढला तर मी कुणाला सांगू? त्यांना म्हणावं, आधी दुसऱ्या कशावर तरी करून दाखवा. शनिवारी येते, बघते आणि ठरवते."

दुसऱ्या कशावर? भावजींची नजर घरभर फिरली आणि माझ्या फ्रिजवर येऊन थांबली. फ्रिज जुना, पण निळा.

"दाराला हात लावायचा नाही," मी बजावलं. "बाजूला काय तो गोंधळ घाला."

त्यांनी बाजारातून तीन प्रकार आणले, फ्रिजच्या बाजूवर चिकटपट्टीने तीन चौकोन आखले आणि पहिला डबा उघडला. दुकानदाराने विचारलं होतं, गाडी कशी दिसायला हवी? भावजी म्हणाले, झगझगीत. त्याने त्या बेताचा डबा दिला. गाडी नवी आहे हे सांगायचं त्यांना सुचलंच नाही. त्यांच्याकडे येणारी वस्तू एक तर कोऱ्या लाकडाची, नाही तर मळकी. आधीच चमकणाऱ्या वस्तूचं काय करायचं, हा प्रश्न त्यांना जन्मात पडला नव्हता.

जोर लावून घासलं. चौकोन खरंच उजळला. भावजींनी फडकं उलटून मला दाखवलं. "बघा किती मळ निघाला."

"भावजी, मळ निळा कसा असेल? निळा माझा फ्रिज आहे."

त्यांनी चष्मा लावून डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. जुन्या गाडीचे ओरखडे काढण्यासाठी. म्हणजे ओरखड्यांसकट वरचा थरही खरवडणारं. भावजी स्टुलावर बसले.

देव मला क्षमा करो, मी म्हटलं, "फडकं धुऊन टाकते. फ्रिजची ही बाजू भिंतीकडे वळवू, उरलेले दोन पलीकडे करा. तिला कशाला कळतंय?"

"नको," ते म्हणाले. "बिघडलेला नमुनासुद्धा गिऱ्हाईकाला दाखवायचा असतो. ही तर लेक आहे."

मग उरलेले दोन. फवारायचं पॉलिश झटकन लागलं, पण मी साबणाच्या पाण्याने पुसलं तशी त्याची ऐट उतरली. तिसरं मेणाचं. ते त्यांनी अगदी पातळ पसरलं, धुरकट होईपर्यंत वाळू दिलं आणि मऊ कापडाने अलगद पुसून काढलं. कापड पांढरंच राहिलं. साबणाने पुसूनही वरून पाणी सोडलं तर थेंब गोळा होऊन घरंगळायचे.

शनिवारी पुतणी आली. तिने काही विचारायच्या आत भावजींनी निळं फडकं तिच्यापुढे धरलं. "हा फ्रिजचा रंग. हेच पॉलिश तुझ्या गाडीला लावणार होतो. तू अडवलंस ते बरं केलंस. मेणाचं चांगलं आहे. दुकानात करून घेतलंस तरी त्यांना विचार, घासणारं आहे की झाकणारं."

पुतणीने फडकं हातात घेतलं, तिन्ही चौकोन नीट पाहिले, मेणाच्या चौकोनावर पाणी सोडून बघितलं. मग म्हणाली, "मेणाचा डबा घ्या. गाडी सावलीत लावते."

तिनेही एक कापड उचललं, तर भावजी लगेच ओरडले, "जोर नको लावू. भांडी घासतेयस का?"

"गाडी माझी आहे, बाबा."

"असू दे. काम माझं आहे."

बॉनेट झालं, दारं झाली. पुतणी जरा बाजूला गेली आणि दुकानात फोन करून म्हणाली, "उद्याची वेळ रद्द करा. घरीच झालं." भावजींना ऐकू गेलंच नव्हतं म्हणे. फक्त एकच आरसा ते बराच वेळ पुसत राहिले.