दर्शनाचा ट्रंपेट

बँडमध्ये वाजवण्यापेक्षा सामान चढवण्या-उतरवण्यातच जास्त वेळ जातो. हात गुंतलेले आणि तोंड मोकळं, म्हणून किस्से साचतात. आमच्याकडचे बहुतेक एकटीचेच आहेत, दर्शनाचे! ती ट्रंपेटवर, आम्ही तिघं मागे. मी ड्रम्सवर, राहायला डोंबिवलीत. ती ठाण्याच्या खाडीवरची कोळीण. जॅझ वाजवते म्हटलं की लोक आधी तिच्याकडे बघतात, मग ट्रंपेटकडे, मग परत तिच्याकडे.

*

तिचे बाबा सकाळी जाळं टाकायचे, सीझनला लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. दहा वर्षांची असताना तिने तो तोंडाला लावला, तर काका ओरडले, "पोरींचं काम नाय ते!"

बाबा ताटावरून न उठता म्हणाले, "का? फुप्फुसं काय फक्त पोरांनाच हायेत?"

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू.

*

पुढे मुंबईत एका मोठ्या सरांकडे जॅझ शिकायला गेली. सरांनी विचारलं, "कुणाला ऐकत वाढलात?" बाकीच्यांनी एकेक अमेरिकन नाव घेतलं. ही म्हणाली, "हळदीला वाजतं ते." वर्ग हसला.

हिने उभं राहून हळदीचीच चाल वाजवली. संथ, सूर जरा वाकवत. सर डोळे मिटून बसले.

"कुठल्या रेकॉर्डवर आहे हे?"

"रेकॉर्डवर नाही सर, वरातीत आहे!"

*

मग खाडीत बांधकामांचा राडारोडा पडायला लागला. काठावरची तिवरं सुकली. बाबांच्या जाळ्यात मासळी कमी, फुटक्या टाइल्स जास्त. तेव्हापासून आमचा प्रत्येक शो ती खाडीबद्दल बोलून सुरू करते.

माजिवड्याच्या शोला एक आयोजक तिच्या कानाशी आला. "मॅडम, जरा पॉझिटिव्ह घ्या ना काहीतरी!"

"पॉझिटिव्हच आहे. खाडी अजून मेलेली नाही, असं सांगतेय."

*

मोहने गावात ती घरकाम करणाऱ्या बायकांना फुंकायला शिकवते. एवढे ट्रंपेट कुठून आणणार? म्हणून पाण्याचा पाइप आणि त्याच्या टोकाला नरसाळं. पहिल्या दिवशी एक मावशी म्हणाल्या, "माझं घरात कोण ऐकत नाय, इथे कोण ऐकणार?" आणि जीव खाऊन फुंकलं. गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली.

मावशी खूश! "चला, सुरुवात तर झाली!"

*

राडारोड्याबद्दल तिने महापालिकेच्या ऑफिसात आठ अर्ज दिले. आठही वेळा शिक्का मिळाला, साहेब मिळाले नाहीत. नवव्या वेळी ट्रंपेट आणि आम्हा तिघांना घेऊन गेली आणि पॅसेजमध्ये उभी राहून वाजवायला लागली. शिपाई धावत आला. आम्हाला वाटलं, आता हाकलणार.

तो हळूच म्हणाला, "साहेब आतच आहेत. जरा जोरात!"

*

एकदा सकाळी मी तिच्याकडे प्रॅक्टिसला गेलेलो. बाहेर आरडाओरडा झाला. भरलेला डंपर खाडीकडे वळलेला, समोर रस्त्यात कोळीवाड्यातल्या बायका. दर्शना ट्रंपेट घेऊन त्यांच्याही पुढे जाऊन उभी राहिली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. हिने त्याच सुरात उत्तर दिलं. त्याने दोनदा दिला. हिनेही दोनदा, वर आपले तीन सूर जोडून. मग तो हॉर्न देतोय, ही दरवेळी ते तीन सूर लावून परत करतेय! गाडी इंच इंच पुढे येत होती. ती हलली नाही.

शेवटी त्याने इंजिन बंद करून डोकं बाहेर काढलं. "मॅडम, कब रुकेगा ये?"

"तुझी गाडी वळेल तेव्हा."

त्याने डोकं आत घेतलं. मग भरलेलीच गाडी त्याने रिव्हर्सला टाकली.

मेन रोडला लागताना त्याने तीनदा, तिच्याच ठेक्यात हॉर्न वाजवला. तेच तीन सूर.